लेप आणि भार : हाडातील इम्प्लांट पक्के कशाने बसते?



अस्थिरोग विभागाच्या जमाखर्चाची पाने चाळताना विश्वस्त मंडळाकडून आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. खुब्यात बसवावयाच्या दोन दांड्या दिसावयास जवळजवळ सारख्या. मग एकीची किंमत दुसरीपेक्षा इतकी अधिक का? वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मात्र निराळेच विचारतात : “साहेब, आईने पाय टेकवायचा कधी?” पहिला प्रश्न पैशाचा आहे, दुसरा काळजीचा. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. वस्तुतः दोहोंचे मूळ एकाच गोष्टीत आहे : धातूचा तुकडा जिवंत हाडात पक्का बसतो तो कशाने?

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तथापि ज्या वस्तूंच्या खरेदीपत्रावर आम्ही सही करतो, त्या वस्तू रुग्णाच्या शरीरात जाऊन काय करतात हे समजून घेणे आम्हांस कर्तव्य वाटते. आपल्या शल्यचिकित्सकांकडून व फिजिओथेरपिस्टांकडून जे समजावून घेतले, ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहोत.

हाड म्हणजे दगड नव्हे

हाड हे घराच्या खांबासारखे एकदा उभे केले की तसेच राहते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते सतत मोडले व बांधले जात असते. काही पेशी जुने हाड विरघळवून काढून टाकतात, काही पेशी तेथे नवे हाड रचतात. कोठे किती रचावयाचे, हे ठरते त्या जागी पडणाऱ्या भारावरून. बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. जेथे भार अधिक, तेथे हाड दाट होते. जेथे भार नाही, तेथे ते विरळ होते.

याचे ठळक उदाहरण अंतराळवीरांचे. भारहीन अवस्थेत राहिल्याने त्यांच्या खुब्यासारख्या भार वाहणाऱ्या हाडांतील खनिजांचे प्रमाण महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. पृथ्वीवर आपल्या घरातील आजी तीन महिने खाटेवर पडून राहते, तेव्हा तिच्याही हाडांची झीज याच कारणाने होते. हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

सिमेंट आणि त्याची मर्यादा

खुब्याचा सांधा झिजला किंवा मांडीच्या हाडाची मान मोडली, तर मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी बसवून तिच्या टोकावर गोळा बसविला जातो. संपूर्ण सांधा बदलावयाचा असल्यास कमरेच्या हाडात वाटीही बसवितात. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये ज्या पद्धतीने ही शस्त्रक्रिया रूढ केली, तीत दांडी व हाड यांमधील जागा ॲक्रिलिकच्या ‘बोन सिमेंट’ने भरली जात असे. आजही ही पद्धत जगभर वापरात आहे.

या सिमेंटबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ते गोंद नव्हे. धातू व हाड यांना ते चिकटवीत नाही. पोकळीतील बारीकसारीक खाचाखोचांत शिरून, घट्ट होऊन, ते दांडीला जागच्या जागी आवळून धरते. दोन दगडांमधील फट भरणाऱ्या चुन्यासारखे त्याचे काम. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच काही मिनिटांत ते घट्ट होत असल्याने रुग्णाला लवकर उभे करता येते. हाडे ठिसूळ झालेल्या वयोवृद्धांना हा मोठाच लाभ होय.

परंतु सिमेंट निर्जीव आहे. त्याला तडा गेला तर तो आपोआप भरून येत नाही. चालताना एका पायावर वर्षाकाठी सुमारे दहा लाख वेळा भार येतो. तो दहावीस वर्षे सोसल्यावर काही रुग्णांत सिमेंट व हाड यांचा दुवा कमकुवत होतो. वाटीतील प्लास्टिकचे झिजलेले सूक्ष्म कण तेथे शिरले, तर शरीर त्या कणांवर प्रतिक्रिया देते आणि त्या भरात भोवतालचे हाडही विरघळते. इम्प्लांट सैल होते व पुनर्शस्त्रक्रियेची वेळ येते. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, अधिक रक्तस्रावाची आणि अधिक खर्चाची असते. म्हणून प्रश्न उभा राहिला : तिऱ्हाईत पदार्थाऐवजी हाडानेच धातूला धरून ठेवले तर?

एका सशाच्या हाडाने दिलेले उत्तर

याचे उत्तर अनपेक्षितपणे मिळाले. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली प्येर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक छोटी कुपी त्यांनी हाडात बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले, तो ती निघेना. हाड धातूच्या पृष्ठभागाला थेट भिडून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर एका रुग्णाच्या जबड्यात दातांचे इम्प्लांट बसविले. हाड व धातू यांच्या या थेट जुळणीला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले.

टायटॅनियमचा गुण असा, की हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ व टिकाऊ पापुद्रा तयार होतो. धातू शरीराच्या द्रवांत गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्या पापुद्र्याला परका मानीत नाहीत.

पृष्ठभागाचे काम

गुळगुळीत धातूवर हाड भिडले तरी त्याची पकड भक्कम होत नाही. आपल्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली व २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी साठले, हे या भागातील आपणां सर्वांस ठाऊक आहे. जुन्या बांधकामावर नवे काँक्रीट ओतताना अभियंते जुना पृष्ठभाग खरवडतात, धुऊन स्वच्छ करतात, मगच नवा थर घालतात, हेही बांधकामाशी संबंध असलेल्यांनी पाहिले असेल. जोड धरावयाचा तर पृष्ठभाग खडबडीत हवा. हाडाचेही तसेच आहे.

म्हणून सिमेंटविरहित दांडीचा वरचा भाग मुद्दाम खडबडीत किंवा सच्छिद्र करतात. कोठे धातूचे बारीक मणी वितळवून जोडतात, कोठे अतितप्त वायूच्या झोतातून टायटॅनियमचा फवारा मारतात, तर अलीकडे धातूची भुकटी लेझरने वा इलेक्ट्रॉनच्या झोताने थरावर थर वितळवून छिद्रे घडवितात. ही छिद्रे साधारणतः १०० ते ४०० मायक्रॉन असली, तर त्यांत रक्तवाहिन्यांसह नवे हाड शिरू शकते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० ते ८० मायक्रॉन असते, यावरून कल्पना यावी.

यापुढील पायरी हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या लेपाची. नाव अवघड असले तरी पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या ज्या खनिजाने आपले हाड बनते, त्याच जातीचे हे संयुग. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खुब्याच्या दांड्यांवर त्याचा लेप देण्यास सुरुवात झाली. हाड तयार करणाऱ्या पेशी या लेपावर लवकर स्थिरावतात. धातू व हाड यांमधील किंचित फटही भरून निघण्यास मदत होते. विश्वस्तांच्या प्रश्नातील किमतीच्या फरकाचे एक प्रमुख कारण धातूइतकेच त्याच्या या पृष्ठभागात असते.

येथे हिशेबनीसाच्या वृत्तीने एक गोष्ट स्पष्ट करू. हा लेप सुरुवातीच्या आठवड्यांत हाडाला प्रोत्साहन देतो, हे सिद्ध आहे. परंतु चांगला सच्छिद्र पृष्ठभाग असलेल्या दांड्यांची दीर्घकालीन तुलना केली असता, हा लेप असलेल्या व नसलेल्यांत सरसकट मोठा फरक आढळलेला नाही. लेप जाड झाला तर तो सुटण्याचा धोका असतो. सबब, ‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगले’ हे सूत्र येथे लागू पडत नाही. कोणत्या वयाच्या, कशा हाडाच्या रुग्णाला कोणता पृष्ठभाग द्यावा, हा निर्णय शल्यचिकित्सकांचा, आणि आपले खरेदी खाते त्याच निर्णयामागून चालते.

भाराचे काम

लेप कितीही उत्तम असो, दांडी हाडात हलत राहिली तर त्याचा उपयोग होत नाही. भार पडला की दांडी व हाड यांमध्ये डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म हालचाल होतेच. ती साधारण ५० मायक्रॉनच्या आत, म्हणजे एका केसाच्या जाडीहून कमी राहिली, तर छिद्रांत हाड वाढते. १५० मायक्रॉनच्या, म्हणजे सुमारे दोन केसांच्या जाडीच्या पुढे गेली, तर हाडाऐवजी मऊ तंतुमय पडदा तयार होतो. असा पडदा एकदा झाला की इम्प्लांट कायमचे डुगडुगते आणि प्रत्येक पावलागणिक रुग्णाची मांडी दुखते. आयुष्यभराच्या पकडीचे भवितव्य एका केसाच्या रुंदीवर ठरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही हालचाल आटोक्यात ठेवण्याचा पहिला उपाय शस्त्रक्रियेतच होतो. हाडाची पोकळी दांडीच्या मापाहून किंचित लहान कोरून दांडी ठोकून घट्ट बसवितात. दुसरा उपाय शस्त्रक्रियेनंतरचा, आणि तो रुग्णाच्या व कुटुंबीयांच्या हाती असतो. साधे चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. तोल जाऊन अडखळल्यास तो आठ पटींपर्यंत गेल्याचे, इम्प्लांटमध्येच मापक यंत्रे बसवून केलेल्या मोजणीत दिसले आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या खुब्यावर तेव्हा क्षणभर जवळजवळ पाचशे किलोंचा भार येतो! ओल्या न्हाणीघरात घसरू नये म्हणून परिचारिका एवढे बजावून सांगतात, त्याचे हे कारण.

मग पाय टेकवूच नये काय? तसेही नाही. वोल्फ यांचा नियम येथे पुन्हा आठवावा. भार अजिबात दिला नाही तर हाड विरळ होते. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत फुप्फुसांचा दाह, पायात रक्ताच्या गाठी व पाठीला जखमा या संकटांचे भय असते. नव्या धरणात पहिल्याच पावसाळ्यात काठोकाठ पाणी भरीत नाहीत. पातळी टप्प्याटप्प्याने वाढवितात व प्रत्येक टप्प्यावर भिंतीची तपासणी करतात. भाराचेही असेच पथ्य आहे. सिमेंटने बसविलेल्या व घट्ट बसलेल्या अनेक सिमेंटविरहित इम्प्लांटच्या रुग्णांना वॉकरच्या आधाराने लवकरच, पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी, उभे केले जाते. जेथे हाड कमकुवत आहे किंवा शस्त्रक्रियेत बारीक तडा गेला आहे, तेथे डॉक्टर काही आठवडे केवळ अंशतः भार देण्यास सांगतात. छिद्रांत हाड रुजण्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. हा काळ निर्णायक होय.

म्हणून “आईने पाय टेकवायचा कधी?” याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. ते प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. शेजारच्या खाटेवरील रुग्ण चालू लागला म्हणून आपण चालणे किंवा मायेपोटी आईला खाटेवरून उतरू न देणे, दोन्ही सारखेच अपायकारक.

ताठर धातूचे दुखणे

भाराबाबत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पोलाद हे हाडाच्या साधारण दहापट ताठर असते, टायटॅनियमची मिश्रधातू सुमारे सहापट. हाडात फार ताठर दांडी बसविली तर बहुतेक भार धातूच उचलते आणि शेजारचे हाड रिकामे बसते. रिकामे बसलेले हाड पुन्हा त्याच नियमाने विरळ होते. घरातील एकट्या कर्त्याने सर्व ओझे उचलावे आणि इतरांची सवय सुटावी, तसाच हा प्रकार. सच्छिद्र पृष्ठभाग दांडीच्या केवळ वरच्या भागाला देण्यामागे हाच विचार असतो : वरच्या हाडानेही आपला वाटा उचलावा.

मोडलेल्या हाडाला लावलेल्या प्लेट व रॉडचा हिशेब मात्र वेगळा आहे. तेथे धातूने आयुष्यभर भार वाहावा अशी अपेक्षाच नसते. हाड जुळेपर्यंत त्याने आधार द्यावयाचा. हाड जुळण्यापूर्वीच वारंवार पूर्ण भार पडत राहिला, तर तार पुन्हा पुन्हा वाकविल्यावर तुटते तशी प्लेट तुटते. अशा वेळी “प्लेट निकृष्ट होती” असे नातेवाईकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळदा हाड जुळण्यास विलंब झालेला असतो. मधुमेहाचे दुर्लक्ष, तसेच विडी, तंबाखू व मिश्री ही या विलंबाची नेहमीची कारणे. घरातील स्त्रिया मिश्रीला व्यसन मानीत नाहीत. पण तीही तंबाखूच आहे, हे नम्रपणे सांगावेसे वाटते.

आपल्या मातीतील प्रयत्न

परदेशी इम्प्लांट परदेशी राहणीसाठी घडविले गेले. आपल्याकडे माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, जमिनीवरून उठतो. ही गरज ओळखून पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी ‘इंडस’ हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविण्यात आले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा पाय न कापता तो वाचविण्यासाठी देशी बनावटीचे मोठे कृत्रिम सांधे वापरण्यात आले व पवईच्या आय.आय.टी.तील अभियंत्यांनीही या कामी सहकार्य केले. अशा रुग्णांत हाडाचा मोठा भाग काढलेला असतो, रुग्ण पुष्कळदा तरुण असतो आणि उरलेल्या थोड्या हाडाने सारा भार पेलावयाचा असतो. पकडीचा प्रश्न तेथे सर्वाधिक कठीण होतो.

किमतीच्या बाजूने पाहता, १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरविल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्यासाठी ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूंसाठी ७६,६०० रुपये होती. पुनर्शस्त्रक्रियेच्या इम्प्लांटसाठी हाच आकडा १,१३,९५० रुपये होता. या तिसऱ्या आकड्याकडे आम्ही देणगीदारांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. सैल झालेल्या सांध्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक, आणि त्यात रुग्णाच्या वेदनेची व बुडालेल्या रोजगाराची गणना नाही.

देणगीचा रुपया कोठे कामी येतो

आपल्याकडे येणारे रुग्ण बारवी धरणाच्या आसपासच्या पाड्यांवरून येतात, तसेच बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगरच्या वस्त्यांतूनही. कोणी भातलावणीत दिवसभर वाकलेली असते, कोणी चिखलाच्या उताराच्या पायवाटेने पाणी वाहते, कोणी लोकलच्या दारात उभ्याने प्रवास करून कारखाना गाठतो. डिस्चार्ज घेताना या सर्वांना एकच घाई असते, ती कामावर परतण्याची. पाड्यावरील घरी कमोड नसतो, वाट सपाट नसते आणि तपासणीस यावयाचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे दुखणे नसेल तर रुग्ण परत येत नाही. आणि इम्प्लांट सैल होऊ लागल्याची पहिली खूण दुखण्याच्या आधी एक्स-रेमध्ये दिसते, ही यातील अडचण आहे.

देणगीदार बहुधा इम्प्लांटसाठी रक्कम देऊ इच्छितात. ते स्वाभाविक आहे. ती वस्तू डोळ्यांना दिसते, तिचे बिल दाखविता येते. परंतु वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ हाच, की लेप हाडाला बोलावतो आणि योग्य प्रमाणातील भार त्याला टिकवून धरतो. पहिल्या गोष्टीसाठी आपण खर्च करतो. दुसऱ्या गोष्टीसाठी लागणारा खर्च त्या मानाने किरकोळ आहे, आणि तोच नेमका राहून जातो. वॉकर, काठी, खुर्चीवर ठेवावयाचा कमोड, फिजिओथेरपिस्टचा वेळ, तपासणीच्या दिवशीचा रिक्षा-एस.टी.चा खर्च, वर्षाकाठी एक एक्स-रे. अंशतः भार म्हणजे नेमका किती, हे रुग्णाला शिकविण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे साधा वजनकाटा. शस्त्रक्रिया झालेला पाय काट्यावर टेकवून वीस किलो म्हणजे किती दाब, हे पायाला एकदा कळले, की तो घरी गेल्यावरही विसरत नाही. आमच्या संपूर्ण खरेदी-यादीत एवढ्या अल्प किमतीत इतका लाभ देणारे दुसरे उपकरण आम्हांस आढळत नाही.

यास्तव देणगीदारांना आमची विनंती आहे, की इम्प्लांटसाठी दिलेल्या रकमेतील काही अंश शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभराच्या देखभालीकडे वळविण्याची मुभा आम्हांस द्यावी. विश्वस्तांनी या खर्चाकडे इम्प्लांटच्या संरक्षणाचा विमा म्हणून पाहावे. आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती अशी : डिस्चार्ज कार्डावर भाराबद्दल लिहिलेली ओळ घरी मोठ्याने वाचून दाखवावी, न समजल्यास फिजिओथेरपी विभागात येऊन विचारावी, आणि दुखत नसले तरी ठरलेल्या तारखेस एक्स-रेसाठी यावे.

आपल्या औदार्यामुळेच या परिसरातील अनेकांचे पाय पुन्हा जमिनीला टेकले आहेत. ते तेथे पक्के राहावेत, यासाठी आपला हात असाच आमच्या पाठीशी असू द्यावा.